वस्तूला किती द्याल?

७ सप्टेंबर २००४, मंगळवार

सहा लाख! एका जुन्या पिस्तुलाला!

हौसराव मामांनीच सांगितलं, आणि तेही झेरॉक्सच्या एका रुपयावरून माझ्याशी घासाघीस करता करता. निवडणूक लागली की लायसनवाल्यांना आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्यासाठी लायसनच्या प्रती काढायला आले होते. "चार पानाचं तीन रुपय घे की गं प्रगती, शेजारी हाय मी." आणि पुढच्याच वाक्याला सहा लाख.

मी विचारलं, सोन्याचं आहे का? म्हणाले, जर्मनीचं आहे. बाहेरून आणायला आता बंदी, म्हणून जी जुनी देशात आहेत तीच या हातातून त्या हातात फिरतात आणि दरवेळी भाव चढतो. "सरकारी कारखान्यातली नवी साठ हजारात मिळती. पन ती कुनाकडंबी हाय."

मी म्हटलं, पण उडतात तर दोन्ही सारखीच ना? तर म्हणे, "उडवायचंय कुनाला?"

दुपारी बूथवर गिऱ्हाईक नसतं. कंपन्यांची शिफ्ट सुटली की मात्र केबिनबाहेर रांग, सगळ्यांना गावाकडे बोलायचं असतं. एमआयडीसीत जमीन गेली त्या पैशांतून आण्णांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या आणि त्यांच्या तोंडाशी हा गाळा काढून मला एसटीडी आणि झेरॉक्स टाकून दिलं. रिकामी बसले की मी नको त्या गोष्टींचा विचार करते असं आईचं म्हणणं आहे. आजची नको ती गोष्ट ही — माणूस बंदुकीला किती देईल, आणि का?

९ सप्टेंबर

हौसराव मामांचं पिस्तूल पोलीस ठाण्यातल्या सरकारी कपाटात आणि कव्हर मात्र कमरेलाच! त्यात मोबाइल ठेवलाय. वाजला की बटण उघडून, शर्ट वर करून काढतात. तोवर फोन कट.

१४ सप्टेंबर

आज रामसजीवनला विचारलं. आमच्या सात नंबरच्या खोलीत राहतो, उत्तर प्रदेशचा आहे, एका कंपनीच्या गेटवर बंदूकवाला वॉचमन आहे. लांब नळीची, खांद्याला लावायची बंदूक. मला वाटायचं कंपनीची असेल. तर नाही, त्याची स्वतःची! गावाकडून लायसनसकट आणलेली.

"भैंस बेची दीदी. दो. और बीवी का हार गिरवी." मी म्हटलं, एवढं सगळं एका बंदुकीसाठी? तर तो हसायला लागला. साध्या वॉचमनला पगार कमी, बंदूकवाल्याला जवळजवळ दीडपट. "ये बंदूक नहीं है, नौकरी है." हार दुसऱ्या वर्षी सोडवला म्हणाला. म्हशी मात्र गेल्या त्या गेल्याच.

निवडणुकीत तुझी जमा नाही करायची? तर कंपनीनं कलेक्टर साहेबांकडून परवानगी काढून ठेवली आहे. म्हणजे सध्या कारेगावात हौसराव मामांपेक्षा आमचा भाडेकरू भारी. हे त्यांना सांगावं की नाही!

एकाला बंदूक म्हणजे पोट, दुसऱ्याला पोट भरल्यानंतरची गोष्ट. आता तिसरा माणूस शोधला पाहिजे.

१९ सप्टेंबर, रविवार

आज खुटबावची माणसं मला बघून गेली.

मुलाचं नाव नवनाथ. आमच्यातलेच, दौंडच्या माझ्या सख्ख्या मामाच्या ओळखीतले. बागायत आहे, केडगाव स्टेशनजवळ खताचं दुकान आहे. उंच आहे. चहा घेताना बशीत ओतला नाही, पण बशीत ओतणाऱ्या वडिलांकडे बघून लाजलाही नाही. हे मला बरं वाटलं.

मग त्याला गाळा दाखवायला आण्णांनी मला पाठवलं. त्यानं काय विचारावं? मशीनमधली काळी पावडर केवढ्याला पडते? एका डब्यात किती प्रती निघतात? मीटरचं भाडं किती? केबिनची काच कितीला बसली? मला हसूच आलं. हा तर माझ्यासारखाच — जिकडे तिकडे भाव विचारत फिरणारा! मी भराभरा सांगितलं सगळं. जाताना म्हणाला, "केडगावला टाकता यील आसलं. स्टेशनची गर्दी आसती."

लग्नानंतर बूथ करू देणार, असाच याचा अर्थ ना? मला तेवढं एकच पाहिजे. बाकी उंची वगैरे वरचं.

खोटं कशाला लिहू, मला आवडला.

२३ सप्टेंबर

हौसराव मामांच्या सांडपाण्याचा पाइप आमच्या खोल्यांपुढं सुटतो. आज पुन्हा भांडण. आण्णा तोंडानं कमी बोलतात, पण आज म्हणाले, "हौसराव, येक दिस इचका हुईल हां." मामा कव्हरवर हात ठेवून उभे. आत मोबाइल.

२८ सप्टेंबर

तिसरा माणूस घरातच सापडला. आबा!

मला वाटलं होतं, आजोबा म्हणतील आपल्याला काय करायची बंदूक, काठी आणि कुत्रं असलं की झालं. अजूनही तीसेक मेंढरं आहेत त्यांची, सकाळी घेऊन जातात ती दिवस मावळता येतात. मी मेंढरांना पाणी दाखवता दाखवता विचारलं, आबा, तुम्ही बंदुकीला किती दिले असते?

आबांनी मुळीच विचार केला नाही. "निम्मी मेंढरं."

मी म्हटलं, निम्मी? म्हणाले, आज कारखाने आहेत त्या माळावर तेव्हा लांडगे होते. एका पावसाळ्यात सगळी कोकरं गेली. आबांच्या आईनं तेव्हा चार दिवस चूल पेटवली नाही. "तवा कुनी म्हनलं आसतं ना, म्हस्कू, ही घे बंदूक आन् निम्मी मेंढरं दे, तर दिली आसती."

आणि नेम चुकला असता तर?

"तर ऱ्हायल्याली निम्मीबी गेली आसती," म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

म्हणजे प्रत्येकाचा भाव वेगळ्याच चलनात. म्हशी, मेंढरं, लाख. लिहून काढलं की मजा वाटते.

६ ऑक्टोबर

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं.

पितृपंधरवडा चालू आहे, त्यामुळे खुटबावची बोलणी थांबली आहेत. दुपारी आण्णा गाळ्यावर आले, केबिनमध्ये शिरले आणि दौंडच्या मामाला फोन लावला. केबिनचं दार नीट लागत नाही, हे त्यांना माहीत नाही. मी प्रती लावत बसले होते.

आण्णांचे तुकडे तुकडे ऐकू येत होते. "वस्तू आदी हातात पडू दे..." मग "पुन्याच्या दुकानात इचारतो..." मग "नवीच घिऊ, जुनी न्हाई परवडत..." मग बराच वेळ हं, हं. आणि शेवटी अगदी स्पष्ट — "दिवाळी झाली की बार उडवून टाकायचा. लई दिस ताणलं."

वस्तू म्हणजे काय हे मला आता सांगायला नको. लायसनवाले सगळे वस्तूच म्हणतात, नाव घेत नाहीत.

आण्णा बंदूक घेतायत! आणि दिवाळीनंतर बार उडवणार! कुणावर? पाइपवरून आमचं कुणाशी ताणलंय ते सगळ्या आळीला ठाऊक आहे.

त्या नादात दोन प्रती वाकड्या आल्या.

७ ऑक्टोबर

आण्णांकडे दिवसभर बघत होते. तेच आण्णा. जेवताना कांदा बुक्कीनं फोडला, वासराला खाजवलं, टीव्हीवर बातम्या बघता बघता घोरले. असा माणूस असं करू शकतो का?

संध्याकाळी मात्र हौसराव मामा समोरून जात होते तर आण्णांनी स्वतःहून थांबवून विचारलं, "पुन्यातलं ते वस्तूंचं दुकान कुठशी हाय वो? लष्करात का, कॅम्पात?" कालपर्यंत भांडत होते त्यालाच विचारतायत! मामांनी हौसेनं रस्ता सांगितला.

माणूस आपल्यावरच झाडायच्या गोळीचा पत्ता सांगतोय असं वाटलं.

१० ऑक्टोबर, रविवार

आज मी गावात कुणी केला नसेल असा वेडेपणा केला. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

सकाळी हौसराव मामांच्या घरी गेले. साखरबाई मामी दळण निवडत होत्या. मी मामांना म्हटलं, तुमचा तो पाइप तेवढा दुसरीकडे वळवा. हात जोडते. ते म्हणाले, का गं, तुझ्या बापानं पाठिवलं व्हय? मी म्हटलं, त्यांना कळूसुद्धा देऊ नका. पण दिवाळीच्या आत वळवा. आणि मला रडूच आलं.

मामा घाबरले. खरोखर घाबरले! त्यांनी काय समज करून घेतला देव जाणे. जेवायच्या आत त्यांचा गडी कुदळ घेऊन आला आणि पाइप मागच्या नाल्याकडे वळवायला सुरुवात. दोन वर्षांचं भांडण एका सकाळीत मिटलं.

आण्णा दारात उभे राहून बघत होते. आईला म्हणाले, ह्याला काय झालं आज? मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी सांगितलं त्यांना. आता तरी तुम्ही बार उडवू नका.

"कसला बार?"

"मी ऐकलंय. दौंडच्या मामाला सांगत होता. दिवाळी झाली की बार उडवायचा."

आईनं आधी पदर तोंडाला लावला, मग भिंतीला टेकली, मग खालीच बसली. हसून हसून डोळ्यांत पाणी. "आगं येडे, तुझा बार! तुझ्या लग्नाचा बार!"

आबांना कळल्यावर तेही हसले. बंदुकीचे भाव विचारत महिनाभर फिरले आणि लग्नाच्या बाराचा बंदुकीचा बार करून बसले. बरं, पाइप तरी वळला. मीही हसले खूप.

पण मग मी विचारलं, वस्तू कसली मग? तर आई एकदम तांदूळ निवडायला लागली. निवडलेलेच होते ते.

११ ऑक्टोबर

आईनं सांगितलं. मीच पाठ सोडली नाही म्हणून.

वस्तू म्हणजे बंदूकच. पिस्तूल. आण्णांना नको आहे, नवनाथला द्यायचं आहे. लायसन त्याच्या नावानं निघालंय, वस्तू घ्यायची राहिली आहे.

"त्यांनी मागितली?"

"मागितली न्हाई. नुसतं बोलून दावलं."

काय बोलून दाखवलं, तर त्याचे वडील म्हणाले, आमचं लायसन आलंय, बघू आता कुणाच्या नशिबानं वस्तू घरात येती. दौंडच्या मामानं, हो म्हणा म्हणून, आण्णांच्या मांडीला हात लावला. आण्णा म्हणाले, आमच्या पोरीच्या नशिबानं यील. झालं.

त्यासाठी मागच्या कोपऱ्यावरची मोकळी जागा, जिथं आबा मेंढरं बसवतात, ती विकायचं चाललं आहे.

मी आईला म्हटलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, सोनं सांगून करत्यात का कुनी? तसंच हे.

राग आला. खूप आला. पण राग आला तरी एक प्रश्न राहतोच — त्याला ते कशाला हवं आहे? खताच्या दुकानात रात्री पैसे असतात म्हणून? की हौसराव मामांसारखं, कमरेला दिसावं म्हणून? माणूस समजून घेतल्याशिवाय वाईट म्हणू नये.

१६ ऑक्टोबर

निकाल लागले. हौसराव मामांच्या पक्षाचं काय झालं त्यापेक्षा पिस्तूल कधी परत मिळतं याचीच त्यांना घाई.

२२ ऑक्टोबर, दसरा

हौसराव मामांनी पूजेला बोलावलं. पाइप वळवल्यापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं आहे. अंगणात ट्रॅक्टर धुऊन हार घालून उभा. त्याच्यासमोर पाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाड आणि मधोमध लाल कापडावर परवाच ठाण्यातून परत मिळालेलं पिस्तूल. त्याला हळदकुंकू, त्याला आपट्याचं पान. मामी म्हणाल्या, "माझ्या खुरप्याला येगळी जागा द्या, ते रोज काम करतंय." सगळे हसले, मामासुद्धा.

आण्णा त्या पिस्तुलाकडे कसे बघत होते! बाजारात दुसऱ्याची गाय बघावी तसं.

मामांनी गोळ्या काढून ते माझ्या हातात दिलं. जड. दिसतं त्याहून कितीतरी जड. शिलाई मशीनच्या तेलासारखा वास.

मी विचारलं, किती वेळा उडवलंय मामा?

"येकदाच. हिरीत. नीट हाय का बगाया."

मग माणसं पांगल्यावर स्वतःहून बोलले. एमआयडीसीचे पैसे आले तेव्हा रोज कुणी ना कुणी दारात. उसने द्या, लग्न आहे, दवाखाना आहे. नाही म्हणायला जीभ उचलायची नाही. कुणीतरी सांगितलं, वस्तू घ्या, लोक जरा लांब राहतात. "घेतली. राह्यली लोकं लांब. आता च्यालाबी येत न्हाई कुनी, पोरी."

सहा लाखांत माणसाला हेही मिळतं. मला त्यांची दया आली. पाइपवरून दोन वर्षं शिव्या घातल्या त्याचं वाईट वाटलं.

२५ ऑक्टोबर

मी खुटबावला फोन केला. माझ्याच केबिनमधून, दाराला आतून स्टूल लावून.

नवनाथनंच उचलला. चांगला बोलला. दसरा कसा झाला, दुकान कसं चाललंय. मग मी म्हटलं, एक विचारू? राग मानू नका. मी सगळ्यांना विचारते, आमच्या वॉचमनला विचारलं, आबांना विचारलं. तुम्ही स्वतःच्या पैशानं पिस्तूल घेतलं असतं तर किती दिले असते?

मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

हसून म्हणाला, "सोताच्या पैशानं? कशाला घीन मी? मला काय करायचंय त्येचं?"

"मग?"

"मिळतंय. मिळतंय तर न्हाई कशाला म्हना?"

अगदी सरळ आवाज. लबाडी नाही, मस्ती नाही. माझ्याशी मोकळं बोलला, असंच त्याला वाटलं असणार. पुढं म्हणाला, बूथचं मशीन लग्नात इकडं आणता येईल ना? म्हणजे नवीन घ्यायला नको.

मी हो-हो म्हणून फोन ठेवला. स्टूल काढायचं विसरले आणि बाहेरच्या पोरानं दार ढकलून माझ्या गुडघ्यावर आपटवलं.

२६ ऑक्टोबर

गुडघा सुजलाय. कुणाला कारण सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर

तेच वाक्य डोक्यात. रामसजीवनला बंदूक पाहिजे होती. आबांना पाहिजे होती, इतकी की निम्मी मेंढरं गेली असती. हौसराव मामांनासुद्धा पाहिजे होती, चुकून का होईना. ज्याच्यासाठी आबांच्या मेंढरांची जागा विकायची त्या एकट्याला नको आहे! नुसती मिळतेय म्हणून चालेल.

आणि मी? मीही मिळतेय म्हणूनच? हे लिहिलं आणि खोडणार होते. खोडत नाही.

३० ऑक्टोबर

आण्णांना सगळं सांगितलं. फोन केल्याचंसुद्धा. वाटलं होतं ओरडतील.

ते म्हणाले, "त्याला नगं हाय?" मी म्हटलं, नको आहे. पुन्हा विचारलं, "त्याला नगंच हाय?" मला वाटतं, त्यांना तेच लागलं. जागा जायची त्याचं एवढं नाही. लग्नात सगळ्यांसमोर वस्तू हातात द्यायची आणि दौंड-शिरूरच्या सगळ्या पाहुण्यांनी बघायचं, हे त्यांनी मनात कितीदा बघितलं असेल. दसऱ्याला त्यांचे डोळे सांगत होते. आमच्यातल्या कुणी आजवर कुणाला असली वस्तू दिली नाही. पिस्तूल आण्णांनाच हवं होतं, देण्यासाठी.

उठले, केबिनमध्ये गेले. खुटबावला फोन लावला. या वेळी दार नीट लागलं, काही ऐकू आलं नाही. काचेतून दिसत होतं, उभ्यानं बोलले, दुसऱ्या हातानं टोपी काढून काखेत धरली होती. लवकर बाहेर आले.

"सांगितलं. वस्तू जमनार न्हाई. बाकी लगीन धडाक्यात करून दितो."

मीटरची पट्टी फाडून माझ्यासमोर ठेवली आणि खिशातून सुटे काढून दिले. आजवर कधी दिले नव्हते.

४ नोव्हेंबर

खुटबावहून निरोप आला. वस्तू नको, काही नको, पोरगी पसंत आहे, तारीख काढा.

आईनं देवापुढं साखर ठेवली. आबा म्हणाले, माणसं चांगली निघाली. मामाचा दौंडहून दोनदा फोन.

मी नाही म्हणाले.

कुणाला ऐकूच आलं नाही आधी. मग पुन्हा म्हणाले. आई म्हणाली, आता तर काहीच मागत नाहीत, आता काय? आण्णांनी तिला हातानं थांबवलं. माझ्यासमोर बसले. "बरं. मंग तुला काय पायजे, ते तरी सांग."

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचार करायला दोन दिवस मागून घेतले.